भाता थांबतो तेव्हा : पोलिओ आणि श्वासाचा इतिहास

पोलिओ म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर पायाला कॅलिपर बांधून, कुबडी टेकत शाळेत येणारा वर्गमित्र उभा राहतो. हा आजार पायांचा, अशीच आपली समजूत. पण पोलिओने माणसे दगावली ती पाय गेल्यामुळे नव्हे, तर बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळे. जे वाचले, त्यांच्यापैकी काहींच्या श्वासाची कहाणी अजून संपलेली नाही. अमेरिकेतील आपल्या मंडळींतही लहानपणी पोलिओ होऊन गेलेले लोक आहेत. म्हणून हा इतिहास आपल्या अंकात सांगावासा वाटला.

पोलिओचा विषाणू फुफ्फुसांवर घाला घालत नाही. तो मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू यांना हुकूम मिळेनासा झाला की छाती हलत नाही. लोहाराच्या भट्टीत निखारे धगधगीत असावेत, पण भाता ओढणाराच गळून पडावा, तसा हा प्रकार. फुफ्फुसे शाबूत, भाता बंद.

या भात्याला व्यवहारात टिकणारा पर्याय दिला तो हार्वर्डमधील फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी, १९२८ साली. रुग्णाला मानेपर्यंत लोखंडी पेटीत झोपवायचे, डोके तेवढे बाहेर. पंपाने पेटीतील हवेचा दाब कमी केला की छाती फुगते आणि श्वास आत येतो. दाब पूर्ववत झाला की श्वास बाहेर पडतो. हेच ते ‘आयर्न लंग’. अमेरिकेतील पोलिओच्या साथींत या पेट्यांनी अनेकांना जगवले. १९५२ साली या देशात पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण नोंदले गेले. रुग्णालयांच्या दालनांत अशा पेट्यांच्या रांगा लागल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील.

त्याच वर्षी डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरातही भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयात आयर्न लंग होते अवघे एक, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. श्वासाचे स्नायू किंवा घसा लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यांतील २७ दगावले. प्रमुख डॉक्टर लासेन यांनी तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. इब्सेन यांनी काही काळ बोस्टनमध्ये प्रशिक्षण घेतले होते.

या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले दिसे. डॉक्टर त्याचा अर्थ रक्तातील अल्कली वाढली असा लावत. इब्सेन म्हणाले, तसे नाही. हा न सुटलेला श्वास आहे. प्राणवायू दिल्यामुळे रुग्णाचा रंग गुलाबी राहतो, पण भाता चालत नसल्याने घाण वायू आतच साचतो आणि रुग्ण गुंगीत जाऊन मरतो. प्राणवायू देणे वेगळे आणि श्वास देणे वेगळे, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी एका बारा वर्षांच्या, मरणपंथाला लागलेल्या मुलीवर हे सिद्ध करून दाखवले. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ वापरतात ती रबरी पिशवी हाताने दाबत फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली.

पण हात कोठून आणायचे? कॉलेजातून! वैद्यक आणि दंतवैद्यक शिकणारे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. एका वेळी ७० रुग्ण त्यांच्या हातांवर जगत होते. एकूण सुमारे १,६५,००० तास त्यांनी हे काम केले, असे सांगतात. शंभरात ८७ मृत्यूंचे प्रमाण पंचविसाच्या आसपास उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म या साथीत झाला, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात.

पुढे १९५५ साली साल्क यांची लस आली, मग सेबिन यांचे तोंडावाटे द्यायचे थेंब. साथी ओसरल्या, पोलिओची दालने बंद झाली आणि तिथे मिळवलेले ज्ञानही मागे पडले. १९८०च्या सुमारास जुने रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे येऊ लागले : नवा थकवा, नवा अशक्तपणा, काहींना श्वासाचा त्रास. पोलिओनंतर उरलेल्या चेतापेशींनी मेलेल्या पेशींचे काम अंगावर घेतलेले असते. काही दशकांनी त्याही थकतात. त्यात वय, वाढलेले वजन किंवा पाठीच्या कण्याचा बाक यांची भर पडते.

आपल्याशी संबंध आहे तो इथे. अमेरिकेत देशांतर्गत पोलिओचा शेवटचा उद्रेक १९७९ साली झाला. भारतात मात्र शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे इथे जन्मलेला पोलिओग्रस्त आज बहुधा सत्तरीपुढचा, तर भारतातून आलेला चाळिशी-पन्नाशीचाही असू शकतो. इथल्या तरुण डॉक्टरने पोलिओ फक्त पुस्तकात वाचलेला. आपण सांगितले नाही, तर त्याच्या मनात तो येणारही नाही.

म्हणून ज्यांना लहानपणी पोलिओ झाला, त्यांनी तो आजार जुना झाला म्हणून लपवू नये. आडवे झाल्यावर धाप लागणे, सकाळी डोके दुखणे, रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येणे, खोकल्यात जोर नसणे, ही वयाची लक्षणे म्हणून सोडून देऊ नयेत. बसून आणि झोपून अशी दोन्ही प्रकारे श्वासाची तपासणी होऊ शकते. रक्तातील कार्बन डायऑक्साइडही मोजता येतो. भाता अशक्त असेल तर रात्री मास्क लावून श्वासाला आधार देणारे यंत्र मिळते. नुसता प्राणवायू पुरेसा आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला पहिले वाक्य हेच सांगावे : “मला लहानपणी पोलिओ झाला होता.”