चिंगममधली चित्रं

१९८७ चा रिलायन्स कप आठवतोय? तेव्हा 'बिग फन' बबलगममध्ये क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यांवर धावा किंवा विकेट छापलेल्या. तेव्हाच्या औरंगाबादेत गुलमंडीवर आम्ही पोरं गम चघळायचो कमी आणि धावा मोजायचो जास्त. ठरावीक धावा जमवून दिल्या की फ्लिपबुक मिळायचं. म्हणजे चित्रं जमवायची ती देऊन टाकण्यासाठीच!

तिकडे अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ ची न खपलेली बेसबॉल कार्डं १९६० साली समुद्रात बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. मँटलची इतर कार्डंही आहेतच, पण हे जवळजवळ कोरं राहिलं होतं. शिवाय तिथे प्रत्येक कार्डाची नोंद असते, त्याची प्रत तपासून ठरवणारे लोक असतात. नुसत्या दुर्मिळतेला भाव येत नाही. ती वस्तू कुणीतरी मोजलेली असावी लागते, आणि कुणाला तरी हवी असावी लागते.

आपली चित्रं कुणी मोजलीच नाहीत. तेव्हा माळ्यावर एखादं सापडलं तर रद्दीत घालू नका. मागे पेनने कुणाचं नाव लिहिलेलं असेल, तर तेही राहू द्या. बाजारात त्याने भाव उतरेल, पण ते चित्र कुठल्या पोराचं होतं हे तरी कळेल.