एका क्रियापदाचा खटला : इटली, १९७१ ते १९८७

१९८७ सालच्या जून महिन्यात इटलीच्या घटनात्मक न्यायालयासमोर आलेला प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा होता. अपंग विद्यार्थ्यांचे माध्यमिक शिक्षण राज्याने ‘सुलभ करायचे’, की त्याची ‘हमी द्यायची’? या दोन क्रियापदांमधील अंतर कापण्यास त्या देशाला सोळा वर्षे लागली.

त्याआधीची व्यवस्था अशी होती. अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी स्वतंत्र संस्था होत्या. अभ्यासात मागे पडणाऱ्या किंवा वर्गात ‘न बसणाऱ्या’ मुलांसाठी सामान्य शाळांतच ‘भिन्न वर्ग’ असत. विद्यार्थी थोडे, लक्ष अधिक, असा कागदावरचा हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात या वर्गांचे दार फार सैल होते. महायुद्धानंतर दक्षिणेतील शेतमजुरांची कुटुंबे तुरिन आणि मिलानच्या कारखान्यांकडे निघाली. घरी सिसिलियन किंवा कालाब्रियन बोलणारे त्यांचे मूल शाळेतील प्रमाण इटालियनमध्ये अडखळले, की त्याचीही रवानगी पुष्कळदा तिथेच होई. भाषेचे अंतर बुद्धीच्या खात्यावर मांडले जाई.

१९६७ मध्ये टस्कनीच्या डोंगरातील बार्बियाना या खेड्यातल्या मुलांनी, पाद्री लोरेन्झो मिलानी यांच्या शाळेत, ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक सामूहिकपणे लिहिले. त्याचा विषय अपंगत्व नव्हता. नापास होऊन शाळेबाहेर पडणारी गरिबांची मुले हा होता. पण शाळा कोणाला गाळते आणि का, हा प्रश्न त्याने साऱ्या देशापुढे ठेवला.

१९७१ च्या ११८ क्रमांकाच्या कायद्याने अपंग मुलांचे सक्तीचे शिक्षण सामान्य वर्गातच व्हावे असे ठरवले. अतितीव्र अपंगत्वाचा अपवाद मात्र ठेवला. मुले वर्गात आली, पण शिक्षकांना ना प्रशिक्षण होते, ना मदतनीस. या काळाला इटलीत पुढे ‘रानटी समावेश’ असे नाव पडले. समावेशनाच्या गौरवकथांतून हे पान बहुधा गाळले जाते. ते गाळू नये, कारण नंतरचा कायदा याच गोंधळातून घडला.

सेनेटर फ्रांका फाल्कुच्ची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७५ मध्ये अहवाल दिला आणि ४ ऑगस्ट १९७७ रोजी ५१७ क्रमांकाचा कायदा आला. भिन्न वर्ग रद्द झाले. अपंग विद्यार्थी असलेल्या वर्गाची पटसंख्या वीसवर मर्यादित झाली. विशेष प्रशिक्षित शिक्षकाची तरतूद झाली. त्याला ‘सोस्तेन्यो’चा, म्हणजे आधाराचा, शिक्षक म्हणतात. गुणांच्या आकड्यांऐवजी प्रत्येक मुलाच्या प्रगतीचे वर्णन करणारे मूल्यमापनपत्रक आले. शेवटची तरतूद गौण वाटते, पण सर्वांना एकाच आकड्याने मोजणाऱ्या वर्गात काही मुलांची जागा कायम तळाशीच राहिली असती.

मात्र हे सारे प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळेपुरते होते. पुढच्या शिक्षणासाठी १९७१ चे तेच मोघम वाक्य उरले होते : ‘सुलभ केले जाईल.’

रोममधील एका व्यावसायिक विद्यालयाने पहिल्या वर्षाला पुन्हा बसू इच्छिणाऱ्या अपंग विद्यार्थिनीला प्रवेश नाकारला, तेव्हा हा मोघमपणा उघडा पडला. सुलभ करण्याचे आश्वासन मोडले, हे सिद्ध तरी कसे करणार? प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणामार्फत घटनात्मक न्यायालयात गेले. निवाडा क्रमांक २१५ ने ते क्रियापदच घटनाबाह्य ठरवले आणि त्या जागी ‘हमी दिली जाते’ हे शब्द वाचावेत असा आदेश दिला. शाळा सर्वांना खुली, असे १९४८ ची राज्यघटना सांगत होतीच. अपंग विद्यार्थ्याची क्षमता आणि गुणवत्ता त्याच्या स्थितीला अनुरूप निकषांनीच पाहिली पाहिजे, असेही न्यायालयाने नमूद केले.

योगायोग असा, की त्या वेळी शिक्षणमंत्रिपदी होत्या फ्रांका फाल्कुच्चीच. त्या खात्यावर नेमल्या गेलेल्या इटलीतील पहिल्या महिला.

१९९२ च्या १०४ क्रमांकाच्या कायद्याने आधार-शिक्षक हा एका मुलाचा नव्हे, तर संपूर्ण वर्गाचा सहशिक्षक असल्याचे स्पष्ट केले. तरीही अनेक शाळांत तो त्या एकाच मुलाला घेऊन वर्गाबाहेर वेगळ्या खोलीत बसलेला दिसतो, आणि यावर इटलीत आजही वाद झडतात.