नावातून गळालेलं स्वादुपिंड

मुंबईतल्या माहुलच्या खाडीकाठी मीठ आणि घाम रोजचेच. पण घामातलं मीठ वर्षानुवर्षांच्या पोटदुखीचं मूळ सांगू शकतं, हे सहसा कुणाला सुचत नाही. याचं एक कारण एका आजाराच्या नावातच दडलेलं आहे.

सिस्टिक फायब्रोसिस म्हटलं की घट्ट कफाने बेजार झालेलं मूल डोळ्यांपुढे येतं. नावाचा जन्म मात्र पोटातला. १९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये डोरोथी अँडरसन यांनी ४९ रुग्णांचा अभ्यास मांडला. शवविच्छेदनात स्वादुपिंडात द्रवाच्या पिशव्या आणि तंतूंचं जाळं दिसलं होतं. पिशवी म्हणजे सिस्ट, तंतुमयता म्हणजे फायब्रोसिस. पूर्ण नाव होतं ‘स्वादुपिंडाचा सिस्टिक फायब्रोसिस’. पुढे मुलांना जगवण्याची झुंज फुप्फुसांत लढली गेली आणि ‘स्वादुपिंडाचा’ हा शब्द मागे पडला.

१९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क तापलं, तेव्हा ही मुलं उष्म्याने कोसळू लागली. त्या धाग्यावरून पॉल दी सांत आन्येझे यांनी १९५३ साली त्यांच्या घामातलं जादा मीठ दाखवून दिलं. १९५९ साली घामाची चाचणी रूढ झाली, १९८९ साली सीएफटीआर जनुक सापडलं. या जनुकात दोष असला की स्वादुपिंडाच्या नलिकांत क्षारयुक्त पाणी कमी पडतं, रस घट्ट होऊन तुंबतो आणि पाचकरस ग्रंथीलाच जाळू लागतात.

दोष तीव्र असेल तर स्वादुपिंड लहानपणीच निकामी होतं. सौम्य असेल तर ते टिकतं, आणि टिकलेल्या ग्रंथीलाच पुढे वारंवार सूज येते. म्हणून हा आजार प्रौढपणीही उघड होतो. १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकातल्या दोन अभ्यासांनी, कारण न सापडलेल्या जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत हे जनुकदोष दाखवले.

आपल्याकडे अशा रुग्णांत स्पिंक१ या दुसऱ्या जनुकातला बदल अधिक आढळतो. दोन्ही दोष एकत्र आले तर धोका वाढतो. तरी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “दारू घेता का?” न पिणारा माणूस खरं सांगूनही संशयात राहतो. दारू नाही, पित्ताचे खडे नाहीत, सोबत नाकातले मांसांकुर, जुना खोकला किंवा पुरुषाला वंध्यत्व असेल, तर घामाची चाचणी करावी. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा अधिक आलं तर निदानाला बळ मिळतं. ३० ते ५९ आलं तर जनुकतपासणी लागते.

घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा : “घामाची चाचणी करायची का?”