आठवड्याच्या बाजाराचा हिशेब

इंग्लंडांतील यॉर्क शहरीं १८९९ सालीं मजुरांच्या वस्तींत एक विलक्षण चौकशी चालली होती. चॉकोलेटच्या कारखानदारांच्या घराण्यांतील सीबोम राउंट्री यांनीं घरोघर तपासनीस धाडले होते. घरांत माणसें किती, मिळकत किती, भाडें किती, हें टिपून घेत अशीं ११,५६० कुटुंबें पाहण्यांत आलीं. गरिबाघरीं पैसा पुरत नाहीं तो मिळकत तोकडी म्हणून, कीं गृहिणीला तो वापरतां येत नाहीं म्हणून, हा जुना वाद. राउंट्री यांनीं तो अन्नाच्या मापानें तोलून पाहिला.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अॅटवॉटर यांच्या संशोधनावरून त्यांनीं श्रम करणाऱ्या पुरुषाला रोज ३,५०० उष्मांक धरले. स्त्रिया व मुलें यांना त्या मानानें कमी. मग तेवढें पोषण सर्वांत स्वस्त कशांत मिळेल तें पाहिलें. पाव, ओटची लापशी, साय काढलेलें दूध, चीज असा तो आहार. ताजें मांस मुळींच नाहीं. निराश्रितांच्या सरकारी आश्रमांतील जेवणही याहून बरें होतें. आईबाप व तीन मुलें यांच्या अन्नाला आठवड्यास १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, कपडे, कोळसा, दिवाबत्ती वगैरेला ४ शिलिंग ११ पेन्स. एकूण २१ शिलिंग ८ पेन्स. त्यांत वर्तमानपत्राला, पत्राच्या तिकिटाला, मुलांच्या खाऊला किंवा बापाच्या तंबाखूला एक कवडीही धरलेली नव्हती.

आणि यॉर्कमधील अकुशल मजुराची मजुरी होती १८ ते २१ शिलिंग! पोषणशास्त्र मुखोद्गत असलेली गृहिणीही ही तोंडमिळवणी करूं शकली नसती. ज्यांची मिळकतच या मापाला पुरत नव्हती, अशांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांच्या दारिद्र्याचें कारण आळस किंवा व्यसन नसून, काम नियमित असतांही मिळणारी अपुरी मजुरी हें होतें.

मग तूट भरून कशी निघे? एका मातेनें तपासनिसाला तें सांगितलें. मुलाला बूट घ्यावयाचे झाले, कीं ती व मुलें दुपारचें जेवण सोडीत, किंवा चहापावावर भागवीत. नवऱ्याचा डबा मात्र नेहमीप्रमाणें भरून जाई. घरीं उपास पडला हें त्याला कधींच कळत नसे.

वीस वर्षांनंतर हीच पद्धत मुंबईंत आली. १९२१–२२ सालीं मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें २,४७३ मजूर कुटुंबांचे जमाखर्च तपासले. अहवाल १९२३ सालीं निघाला. शंभर रुपये खर्चांतील सुमारें ५७ रुपये अन्नावर जात. तरीही पदरांत पडणारें धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलींतील कमाल मापाइतकेंच, आणि तुरुंगांतील कैद्यांना ठरवून दिलेल्या आहाराहून कमी, असा निष्कर्ष निघाला.

पुढें १९३७ सालीं कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे डॉ. आयक्रॉइड यांनीं हिंदी खाद्यपदार्थांचीं पोषणमूल्यें प्रसिद्ध केलीं. नाचणींत चुना भरपूर, पालेभाज्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा, डाळींत प्रथिनें, हें आंकड्यांनिशीं कळलें. वाणसामानाची यादी करतांना हें ज्ञान फार मोलाचें. त्यानें रुपयाचें पोषण वाढतें. परंतु मुळांत नसलेला रुपया त्यानें निर्माण होत नाहीं.

महाराष्ट्रांतल्या किती तरी घरांत हिशेबाची वही जिच्या हातीं, तिचेंच पान सर्वांच्या मागून वाढलें जात आलें आहे. यॉर्कच्या त्या मातेची गोष्ट म्हणूनच परकी वाटत नाहीं. आठवड्याचा हिशेब जुळला, तर तो कोणाच्या पानांतलें काढून जुळला, एवढें पाहिल्यावांचून तो पुरा झाला असें समजूं नये.