घाटाला कोणती गाडी मानवते? बोरघाट, टर्बो सेडान आणि ट्रॅकची स्पोर्ट्स कार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरून आलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना जे पुढेमागे झालं होतं ते थोडं नीट लावलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. तो तळेगावात राहतो, नोकरी हिंजवडीत आणि आईवडील पनवेलला. म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा बोरघाट ठरलेला. पैसे साठवलेत आणि आता दोन गाड्यांवर मन अडकलंय. एक नवीकोरी टर्बो पेट्रोल सेडान: शांत, गुळगुळीत, चार माणसं आणि त्यांच्या बॅगा आरामात. दुसरी सेकंडहँड टू-सीटर स्पोर्ट्स कार: कडक सस्पेन्शन, खाली टेकलेली, ट्रॅकसाठीच बांधल्यासारखी. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. तो विचारतो, "रोजची गाडी म्हणून नाही, घाटासाठी म्हणून सांगा, कोणती घेऊ?"

आता आपला पॉडकास्ट इतिहासाचा. मायलेज आणि रिसेल व्हॅल्यू सांगणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत. पण प्रश्न "घाटासाठी" असा असेल, तर आधी घाटालाच विचारायला हवं. गेली दोनशे वर्षं तो प्रत्येक चाकाची परीक्षा घेतोय.

१८३० साली दोन गोष्टी झाल्या

बोरघाटाची वाट तशी फार जुनी. कोकणातली बंदरं आणि देशावरचे बाजार यांना जोडणारी. पण ती बैलांच्या तांड्यांची आणि पायी माणसांची वाट होती. चाकाची गाडी नीट चढेल असा रस्ता इंग्रजांनी बांधला, आणि तो १० नोव्हेंबर १८३० रोजी सुरू झाला. त्याच काळात बांधलेला पूल आपण सगळ्यांनी पाहिलाय, अमृतांजन पूल! पुढे एक्सप्रेसवे त्याच्या खालून गेला, पुलाचे खांब वाहतुकीच्या मधे यायला लागले, आणि एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, तो स्फोटकं लावून पाडला. १९० वर्षं जुना पूल गाड्यांच्या वेगापुढे अडचण ठरला, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. पुण्याचा रेसकोर्ससुद्धा १८३० चाच. म्हणजे ज्या वर्षी घाटात गाडीरस्ता झाला, त्याच वर्षी वर पुण्यात शर्यतीसाठी वेगळं मैदान आखलं गेलं. प्रवासाची जागा वेगळी आणि शर्यतीची जागा वेगळी.

शंभर वर्षांनी या दोन गोष्टी एकत्र आल्या. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. सुरुवातीला ही रोजची गाडी नव्हती, शनिवार-रविवारची होती, आणि तिच्यातून कोण यायचं? मुंबईहून पुण्याला घोड्यांच्या शर्यती बघायला जाणारे शौकीन. वेगाचं वेड असलेली माणसं घाट चढताना मात्र त्या काळातल्या सगळ्यात आरामशीर गाडीत बसायची. माझ्या मते आपल्या श्रोत्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. पण अर्ध्यावर थांबायला नको.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड

रेल्वेने हा घाट १८६३ मध्ये सर केला. काम सुरू झालं होतं १८५६ ला. पंचवीस बोगदे, आणि सगळ्यात तीव्र चढ १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे नेलं. हजारो मजूर राबले आणि त्यातले कितीतरी रोगराईने आणि अपघातांनी गेले. वाट कुणी दाखवली, तर लोक सांगतात शिंगरोबा धनगराने. त्याचं देऊळ आजही घाटात आहे आणि जुने ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात.

इंजिनिअर म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडते. चढासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आजही लावतात. पण खरी डोकेफोड उतारासाठी केली होती. गाडीचा ताबा सुटला तर ती मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर थांबवायची, यासाठी खास फाटे बांधले होते. म्हणजे ज्यांनी हा घाट बांधला त्यांना चढताना ताकद कमी पडण्याची काळजी होतीच, पण उतरताना न थांबण्याची जास्त होती.

फियाट, ओलं फडकं आणि टर्बो

मोटारींच्या काळात हाच धडा वेगळ्या रूपात आला. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीला विचारा. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, इंजिन जेमतेम १,०८९ सीसी, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. भर मे महिन्यात, चार माणसं आणि टपावर सामान घेऊन ती खंडाळ्याला निघायची. मध्येच रेडिएटर उकळायचा. कधी पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि पंधरा मिनिटं दरी बघत बसायचं.

यामागे उंचीचंही थोडं गणित आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली, लोणावळा सहाशेच्या वर. वर जाल तशी हवा विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला ढोबळ मानाने एक टक्का कमी होते. म्हणजे चढावर जेव्हा जोर जास्त लागतो, तेव्हाच इंजिन थोडं दमलेलं असतं.

टर्बो नेमका इथे कामाला येतो. अल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा दाबून भरायची. विरळ हवेची भरपाई होते आणि कमी आरपीएमवर भरपूर टॉर्क मिळतो. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर.

पेट्रोल टर्बो सेडान आपल्याकडे हळूहळू आल्या. २००४ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर. मग २०१० मध्ये फियाट लिनिया टी-जेट, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात बनलेली. आणि २०२२ मध्ये चाकणची फोक्सवॅगन व्हर्चस, जिचं १.५ लिटर इंजिन १,६०० आरपीएमपासूनच २५० न्यूटन-मीटर जोर देतं. घाटात ट्रकच्या मागे अडकलात, मग जागा मिळाली, तर याच आरपीएमवर तुम्ही असता. याउलट पोर्शे ९११ जीटी३ सारखी खरी ट्रॅकची गाडी बघा. तिची कमाल ताकद ८,००० आरपीएमच्या पुढे मिळते. त्या आकड्यापर्यंत पोचायला जी मोकळी जागा लागते, ती घाटात नाही.

मग आपल्याकडे स्पोर्ट्स कार झालीच नाही का?

झाली की! आणि तीही आपल्या पश्चिम भारतात. गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, छोटी उघडी टू-सीटर. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली, लोटस सेव्हनच्या धाटणीची. ना छप्पर, ना लाड, फक्त हलकी बॉडी आणि इंजिन. आणि ते इंजिन कोणतं, तर इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल. हेच इंजिन काँटेसात होतं आणि ॲम्बेसेडरमध्येही! एकाच इंजिनावर एक गाडी मंत्र्यांना सभेला न्यायची आणि दुसरी बसणाऱ्याच्या डोळ्यांत वारा आणायची. फरक वजनाचा होता आणि हेतूचा.

नंतर आली डीसी अवंती. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत तिने गर्दी खेचली. दोन लिटर टर्बो इंजिन, तेही सीटच्या मागे, आणि कारखाना थेट आपल्या तळेगावजवळ. मावळात बनलेली स्पोर्ट्स कार! पण या तिन्ही गाड्या मोजक्याच लोकांपर्यंत पोचल्या. सेडान टिकल्या, या नाही टिकल्या.

किंमत, सर्व्हिस सेंटर ही कारणं आहेतच. पण मला मोठं कारण वाटतं ते जागेचं. मोटार रेसिंगचा मोठा, पक्का ट्रॅक महाराष्ट्रात बराच काळ नव्हता. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरची करी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. सगळं हजार किलोमीटरच्या पलीकडे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने व्हेंटो कप सुरू केला, तेव्हा चाकणच्या सेडानची रेस कार केली, १.४ टर्बो इंजिन बसवून. ती गाडी पळाली कुठे, तर याच लांबच्या ट्रॅकवर. आपल्या जवळ काय, तर लोणावळ्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी. तिथे व्हॅली रन नावाची ड्रॅग रेस होते, पाव मैल सरळ रेषेत. ट्यून केलेल्या टर्बो सेडान आणि सुपरकार एकाच पट्टीवर उतरतात. पण तिथे वळण नाही, आणि स्पोर्ट्स कारचा जीव तर वळणात असतो.

मग वळण शोधत माणसं पहाटे कुठे जातात? घाटात. आणि इथे मला थोडं गंभीर बोलायचंय.

हा रस्ता माणसं घेतो

एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, साधारण ९४.५ किलोमीटर. तो पूर्ण व्हायच्या आधीच, फेब्रुवारी २००१ मध्ये, भक्ती बर्वे भाताण बोगद्याजवळच्या अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडशांच्या लहानग्या मुलासकट. आपल्या घराघरांत ओळखीची ही माणसं. एकट्या २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ जीव गेले. अपघातांची कारणं अनेक असतात: झोप, बंद पडलेला ट्रक, चुकीची लेन. पण वेग वाढला की प्रत्येक कारण जास्त महाग पडतं.

आज सपाट भागात मर्यादा १०० आहे, घाटात ६०. जुलै २०२४ पासून कॅमेरे सरळ ई-चलान पाठवतात. साठच्या वेगात ट्रॅकची गाडी करणार काय? तिचे ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. तिच्या टायरला खाचा कमी, आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. टायरखालचं पाणी बाहेर जायला वाट नसेल तर गाडी पाण्यावर तरंगते. तेव्हा स्टिअरिंग फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या, सारखंच.

म्हणून माझं उत्तर: घाटासाठी टर्बो सेडान घे. पण तिचाही एक धोका आहे, आणि तो शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पद्मिनी ८० ला पोचली की दारं वाजायची, स्टिअरिंग थरथरायचं, मागच्या सीटवरून आई ओरडायची. गाडीच सांगायची की आता पुरे. नवी सेडान १२० लाही एसीचा आवाज ऐकू देते. तिच्या गुळगुळीतपणामुळे वेग कानाला कळत नाही, फक्त आकड्यात दिसतो. तेव्हा आईचं काम तुम्हालाच करायचंय. स्पीड लिमिटचा अलार्म लावा. उतरताना गिअर खालचा ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये घ्या, आणि सारखा ब्रेकवर पाय ठेवून ब्रेक तापवू नका. १८६३ च्या इंजिनिअरांना जी काळजी होती, तीच करा.

आणि स्पोर्ट्स कारचं वेड? ते सोडायला मी सांगणार नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. आधी तिथे जाऊन या. कार्टला ना सस्पेन्शन, ना छप्पर, बूड जमिनीपासून काही इंचांवर. वळणात गाडी कशी वागते हे तिथे दिवसभरात जेवढं कळेल, तेवढं घाटात वर्षभरात कळणार नाही, आणि चुकलात तर समोरून एसटी येणार नाही. तिथे चार वेळा जाऊनही भूक भागली नाही, वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरला जायची खरीच तयारी असेल, तर घ्या ती टू-सीटर. ट्रॅकसाठी घ्या, आणि ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्या.

डेक्कन क्वीनमधल्या त्या शौकिनांना एवढं नक्की कळलं होतं की घोडा रेसकोर्सवर पळवायचा असतो.

तर मित्रा, गाडी घेतलीस की कळव, आणि पेढे तळेगावचेच आण. बाकीच्यांनी आपापल्या घरातल्या घाटाच्या गोष्टी व्हॉइस नोटवर पाठवा. गाडी कुठे बंद पडली, फडकं कुणाचं होतं, सगळं. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवू. तोवर सीटबेल्ट लावा, मागच्या सीटवरसुद्धा. भेटू!