स्वयंपाकघरातल्या शाळा

मी जन्मभर मराठी शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली, म्हणून दक्षिण टायरोलचा इतिहास वाचताना मन घुटमळतं ते तिथल्या शिक्षिकांपाशी. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा जर्मनभाषक डोंगरी मुलूख इटलीला मिळाला. १९२३ पासून मुसोलिनीच्या सरकारने शाळांतून जर्मन हद्दपार केली, गावांची नावं बदलली. पुढे थडग्यांवरची जर्मन अक्षरंही खुपू लागली.

मग मिखाएल गाम्पर या धर्मगुरूंच्या पुढाकाराने चोरून शाळा भरू लागल्या. शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात, पोटमाळ्यावर, मूठभर मुलं आणि बहुधा एखादी तरुण मुलगी शिकवायला. अशाच एका शिक्षिकेला, अँगेला निकोलेट्टीला, त्यापायी तुरुंग भोगावा लागला. १९३० मध्ये, पंचविशीतच, ती गेली. अशा बाईंपुढे मी हात जोडते.

१९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनींनी लोकांपुढे पेच टाकला: जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. ऐंशी टक्क्यांहून अधिकांनी जर्मनी निवडली, सुमारे ७५,००० प्रत्यक्ष गेले. राहणाऱ्यांना शेजारीपाजारी गद्दार म्हणू लागले. भाषेच्या नावाने माणसांचा हा सौदा झाला, याची मला चीड येते.

१९४६ च्या पॅरिस कराराने मातृभाषेतल्या शाळांचा हक्क मान्य झाला. खरी स्वायत्तता मात्र १९७२ मध्ये मिळाली. आज तिथल्या जर्मन शाळांत इटालियन आणि इटालियन शाळांत जर्मन शिकवतात.