रात्रभराचा कागद

युजीन असेरिन्स्की शिकागो विद्यापीठात पीएच.डी. करायला आला तेव्हा त्याच्याजवळ साधी पदवीही नव्हती. दंतवैद्यकाचे शिक्षण अर्धवट सुटलेले, लष्करात स्फोटके हाताळून झालेली, पदरी बायको-मूल. मार्गदर्शक मिळाले नथॅनिएल क्लाइटमन. झोपेच्या अभ्यासातले हे तेव्हाचे सर्वांत मोठे नाव. १९३८ साली ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला सोबत घेऊन ते केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले होते. दिवस २८ तासांचा केला तर शरीराला मानवतो का, हे त्यांना पाहायचे होते. विद्यार्थ्याला तो मानवला, चाळिशी ओलांडलेल्या गुरूला नाही.

असेरिन्स्कीच्या वाट्याला मात्र अगदी रूक्ष विषय आला. रॉबर्ट लॉसन या भौतिकशास्त्रज्ञाने आगगाडीत डुलक्या घेणाऱ्या प्रवाशांच्या पापण्यांविषयी १९५० साली 'नेचर'मध्ये एक टिपण लिहिले होते. ते वाचून क्लाइटमननी शिष्याला तान्ह्या बाळांच्या पापण्या न्याहाळायला बसवले. कित्येक महिने गेले, तरी उघडझाप कोणती आणि नुसती थरथर कोणती, हे काही ठरेना. शेवटी त्याने पापणीआडच्या बुबुळांची हालचाल टिपायचे ठरवले.

त्यासाठी तळघरात धूळ खात पडलेले ऑफनर डायनोग्राफ हे यंत्र बाहेर काढून त्याने खटपटीने चालू केले. प्रयोगाला माणूस घरचाच, आठ वर्षांचा मुलगा. १९५१च्या डिसेंबरात त्याच्या डोळ्यांभोवती आणि डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून त्याला झोपवले आणि बाप शेजारच्या खोलीत यंत्रापाशी बसला. रात्र चढली आणि शांत झालेल्या लेखण्या अचानक कागदावर सैरावैरा नाचू लागल्या. पोरगे जागे झाले असणार, म्हणून तो आत गेला. डोळे मिटलेले, मुलगा गाढ झोपेत!

पहिला संशय अर्थातच यंत्रावर. त्याने दोन्ही डोळ्यांची नोंद वेगवेगळी घेतली. दोन्ही बुबुळे एकदमच हलत होती.

हे आधी कुणाच्या लक्षात का आले नाही? झोपेत मेंदू विसावतो, हा समज पक्का होता. मग रात्रभर टिपायचे काय? एका रात्रीला जवळपास अर्धा मैल कागद लागे, म्हणून यंत्र अधूनमधून चालवून नमुन्यापुरती नोंद घ्यायची रीत होती. अशा नोंदीतून काही मिनिटांची ती धांदल सहज निसटे.

क्लाइटमननाही पटकन पटले नाही. त्यांनी स्वतःच्या मुलीवर प्रयोग करवून घेतला, तेव्हा खात्री पटली. सप्टेंबर १९५३मध्ये दोघांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. बुबुळे हलत असताना झोपलेल्यांना २७ वेळा उठवून विचारले, तर २० वेळा त्यांनी स्वप्न तपशीलवार सांगितले. बुबुळे स्थिर असताना २३ वेळा विचारले; १९ वेळा काहीच आठवले नाही.

पीएच.डी. मिळताच असेरिन्स्की सिएटलला गेला आणि सामन माशांवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो, याच्या अभ्यासाला लागला. झोपेचे काम पुढे नेले विल्यम डिमेंट या वैद्यकीय विद्यार्थ्याने. बुबुळे हलणाऱ्या या झोपेला आज रूढ असलेले 'रेम' (रॅपिड आय मूव्हमेंट) हे नावही त्याच्याच कामातून आले. १९५७ साली त्याने आणि क्लाइटमननी ३३ जणांच्या १२६ रात्री अखंड नोंदवून दाखवले, की ही अवस्था साधारण दर दीड तासाने परतते आणि पहाटेकडे लांबत जाते.